युद्धानं आणलेली सून
(लेखमाला ‘घर सोडलेली माणसं’ : भाग ६)

मागच्या भागात सैनिकांच्या मनीऑर्डरींचा विषय होता. तो वाचून कासारसाईच्या एका वाचकांनी विचारलं, “गोऱ्या फौजांनी लढाईवरून बायका आणल्या, मग आपल्या जवानांनी का नाही?”

आधी त्या गोऱ्या फौजांचं पाहू. दुसऱ्या महायुद्धात कॅनडाच्या सैनिकांनी युरोपात, मुख्यतः ब्रिटनमध्ये, सुमारे ४८ हजार लग्नं केली. फेब्रुवारी १९४६ मध्ये ‘मॉरेटेनिया’ जहाजातून या सुनांचा पहिला मोठा जथा हॅलिफॅक्सच्या २१ क्रमांकाच्या धक्क्याला उतरला. १९४२ च्या कायद्यानं माजी सैनिकांना शेती घ्यायला सरकारी कर्ज मिळत होतं, त्यामुळे पुष्कळ नवरे थेट जमिनीवर गेले. बायको लंडनची, नळाच्या पाण्याला सरावलेली. आणि घर गव्हाच्या माळरानावर. वीज नाही, पाणी हापशाचं, चूल लाकडाची, शेजार कोसभर लांब. गाई पिळायला सासूनं शिकवायचं. सासू प्रेमळ निघाली तर ठीक.

आपल्याकडे गोष्ट उलटी आहे. त्या युद्धात हिंदी सैन्य २५ लाखांवर पोचलं होतं आणि मराठा पलटणी इटलीत लढत होत्या. १० जुलै १९४४ रोजी तिथंच कामी आलेल्या नाईक यशवंत घाडगे यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला; माणगावात त्यांचा पुतळा आहे. पण बहुतेक गडी भरतीला जायच्या आधीच लग्न झालेले असत. बायको गावीच राही. मुळशी-मावळात तिच्या वाट्याला राब भाजणं, भातलावणी, सासू-सासरे आणि वाचून दाखवायला मास्तर भेटेपर्यंत तसंच ठेवलेलं पत्र. औत धरायला दीर नसेल तर चिखलणीसाठी इर्जिकीवर भिस्त. आपल्या गावांनी युद्ध पाहिलं ते असं, घरच्या सुनेच्या हातून.

तरी युद्धानं परमुलखातली एक सून महाराष्ट्रात आणलीच, आणि तिला कुणा सैनिकानं आणलं नव्हतं.

सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनी आणि पूर्वेकडून सोव्हिएत फौज चालून आली. पूर्व भागातली कुटुंबंच्या कुटुंबं १९४० पासून मालगाड्यांत कोंबून सायबेरिया-कझाकस्तानात नेली गेली. १९४१ मध्ये हिटलरनं रशियावरच हल्ला केला, तेव्हा करार झाला आणि हे लोक सुटले. पुरुष जनरल अँडर्स यांच्या सैन्यात गेले. बायका-मुलं इराणमार्गे हिंदुस्थानात आली. १९४३ मध्ये कोल्हापूरजवळ वळिवड्याला त्यांच्यासाठी वसाहत उभी राहिली. सुमारे पाच हजार माणसं, त्यांत बहुतेक बायका आणि मुलं. कौलारू बराकी, चर्च, शाळा, नाटकगृह, आणि सभोवती पंचगंगेच्या खोऱ्यातली उसाची शेती. बर्फाच्या मुलखातल्या या बायकांनी कोल्हापूरच्या उन्हात चार-पाच वर्षं संसार मांडले. त्यांचे नवरे, भाऊ तेव्हा इटलीत, मराठा पलटणी होत्या त्याच आठव्या सैन्यात लढत होते. एकीचा नवरा माँते कसिनोला, दुसरीचा टायबरच्या खोऱ्यात. एक वाट पाहत होती वळिवड्याला, दुसरी मुळशीत किंवा माणगावात.

१९४८ पर्यंत वसाहत रिकामी झाली. पूर्व पोलंड सोव्हिएत संघात गेल्यामुळे बहुतेकींना परतायला गावच उरलं नव्हतं. कुणी इंग्लंडला गेल्या, कुणी ऑस्ट्रेलियाला, कुणी आणखी कुठे. त्याच जागेवर फाळणीनंतर आलेले सिंधी निर्वासित राहिले. तेच आजचं गांधीनगर.

वसाहतीतली एक तरुणी मात्र गेली नाही. तिनं कोल्हापूरच्या तरुणाशी लग्न केलं, मराठी नाव घेतलं आणि जन्म इथंच काढला. तिचा संसार शहरात झाला, शेतावर नव्हे, हे मान्य. पण मला विचाराल तर कॅनडातल्या सुनांपेक्षा तिचं पाऊल अधिक धाडसाचं होतं. त्या हजारोंनी गेल्या, सरकारच्या खर्चानं, बहुतेकींना भाषा येत होती. ही एकटी. भाषा, देव, ताटातलं अन्न, सगळंच वेगळं. आणि सोबतची माणसं एकेक जहाज धरून निघून जात होती. तरी आपण तिच्याविषयी बोलतो ते ‘परदेशी असून किती छान मराठी बोलते’ अशा कौतुकानंच. तिनं मागं काय सोडलं, हे विचारायचं आपल्याला सुचत नाही.

कोल्हापूरच्या महावीर उद्यानात या पोलिश वसाहतीचं स्मारक आहे आणि वॉर्साला २०१७ पासून कोल्हापूरच्या आठवणीचा फलक आहे. वळिवड्याची आठवण अशी दोन्हीकडे जपली गेली. मुळशीतल्या सैनिकांच्या बायकांसाठी असं काही नाही. त्यांचा पुरावा असलाच तर घरातल्या ट्रंकेत. कासारसाईच्या आणि आसपासच्या वाचकांना म्हणून एक विनंती : आजीच्या पेटीत लढाईच्या काळातली पत्रं, पेन्शनचे कागद, मनीऑर्डरीच्या पावत्या सापडल्या तर त्यांना लॅमिनेशन करू नका. दोन्ही बाजूंचे फोटो काढा, मागे कुणाचं काय ते पेन्सिलीनं लिहा आणि कोरड्या जागी ठेवा. पुढच्या भागात अशाच कागदांवरून सैनिकाच्या विधवेची पेन्शन कशी ठरायची, ते पाहू.