ट्यूब काढण्यापूर्वी रिम पाहा

शनिवार-रविवारी आपली मुले उसाच्या मळ्यांतील वाटांवर सायकली घेऊन जातात. २०२५ मध्ये आपल्या बेटाच्या किंबर्ली ल कूर हिने लिएज-बास्तोन-लिएज शर्यत जिंकली आणि महिलांच्या तूर द फ्रान्समध्ये पिवळी जर्सीही घातली. त्यामुळे घरोघरी 'बिसिक्लेत'चा विषय निघाला तर नवल नाही. मुले आम्हाला विचारतात, "गुरुजी, ट्यूबलेस घरी करता येते का?"

येते, पण प्रत्येक चाकाची नाही. पालकहो, म्हणूनच आम्ही हे लिहीत आहोत.

दगडावर आपटून ट्यूब रिमला चेमटली की तिला दोन छिद्रे पडतात. ट्यूबच नसेल तर हा त्रास टळतो. टायरमध्ये रबराच्या चिकाचे द्रव असते. काटा शिरला तर ते छिद्राकडे जाऊन तेथे घट्ट होते. हवाही थोडी कमी ठेवता येते, मग खडबडीत वाटेवर चाक कमी उसळते. माविक कंपनीने डोंगरी सायकलींसाठी ही पद्धत १९९९ मध्ये बाजारात आणली.

आता मुख्य गोष्ट. ट्यूबलेससाठी केलेल्या रिमला आतून दोन्ही बाजूंस सपाट पायरी असते. तिच्यावर टायरची कडा घट्ट बसते. जुन्या साध्या रिमला ती नसते. अशा रिमवर टेप लावून काम भागवले, तर उतारावर वळताना टायर एकदम निसटू शकतो. रिम व टायर दोन्ही ट्यूबलेसचे नसतील, तर आम्ही म्हणू, ट्यूबच बरी. नव्या टायरचे पैसेही वाचतील.

रिम योग्य असेल तर काम अवघड नाही. स्पिरिटने आतली बाजू पुसून कोरडी करावी. खास टेप ताणून लावावी व तिची टोके एकमेकांवर चढवावीत. व्हॉल्व्हसाठी टोच्याने लहान भोक पाडून व्हॉल्व्ह हाताने आवळावा. टायरच्या कडांना साबणाचे पाणी लावावे, व्हॉल्व्हचा आतला भाग काढून ठेवावा आणि जोराने पंप मारावा. 'फट्' असा आवाज आला की कड बसली. हवा सोडून व्हॉल्व्हमधूनच द्रव घालावे: रुंद टायरला साधारण १०० मिलिलिटर, अरुंदाला त्याहून कमी. बाटली आधी चांगली हलवावी, नाहीतर घट्ट भाग तळाशीच राहतो. मग आतला भाग परत बसवून हवा भरावी व चाक फिरवून दोन्ही कुशींवर आडवे ठेवावे.

हवेची मर्यादा टायरवर व रिमवर लिहिलेली असते. दोन आकड्यांतील लहान आकडा पाळावा. कडेला आकडा नसलेल्या नव्या प्रकारच्या रिमवर ५ बारच्या वर जाऊ नये. पंप मारताना मुलांचे तोंड चाकाजवळ नसावे.

आपल्या उष्ण हवेत द्रव लवकर वाळते, म्हणून दोन-तीन महिन्यांनी तपासावे. मोठी चीर द्रवाने बुजत नाही. दूर जाणाऱ्याने पिशवीत एक ट्यूब ठेवावी, ती काढलेली असली तरी.