ई-रिक्षा घेण्याआधी भिंतीवरचा सॉकेट बघा

नंदनवन, नागपूरहून आम्ही बोलतो आहोत. बचत गटाच्या बैठकीत हल्ली एक प्रश्न हमखास येतो, "ताई, ई-रिक्षा घेतली तर परवडेल का जी?" कोणी पिंक ई-रिक्षाची जाहिरात पाहिलेली असते, कोणाच्या नणंदेने गाडी घेतलेली असते. उमरेड, कुही, भिवापूरकडच्या गटांतल्या बायकाही हेच विचारतात. म्हणून आजचं बोलणं बॅटरीवरच्या गाडीसोबत रोज राहायचं कसं, याबद्दल.

सुरुवात आमच्याच चुकीपासून करतो. आमच्या गटातल्या एका वहिनींनी दोन वर्षांपूर्वी ई-रिक्षा घेतली. कर्जाचा प्रस्ताव आम्हीच तयार केला. रोजची कमाई किती, हप्ता किती, चार्जिंगला किती, सगळं कागदावर मांडलं. बॅटरी मात्र मांडली नाही. गाडीसोबत बॅटरी आली आहे, मग आणखी खर्च कसला, असंच आम्हाला वाटलं. विकणाऱ्यानेही विषय काढला नाही.

पहिले सहा महिने मजेत गेले. जगनाडे चौकातून सक्करदऱ्याला, तिथून मेडिकलला, दिवसाला सत्तर किलोमीटर आरामात होत होते. मग सत्तरचे पन्नास झाले. दिवाळीनंतर पस्तीस. दहाव्या महिन्यात गाडी भर दुपारी चार सवाऱ्यांसकट रस्त्यात बसली. मेकॅनिकने चारही बॅटऱ्या बाद ठरवल्या. नवा संच ३२ हजारांचा. बँकेचा हप्ता थांबत नाही, गाडी उभी, घरात दोन मुलांची फी. गटाने अंतर्गत कर्ज दिलं म्हणून निभावलं. पण त्यामुळे शिलाई मशीनसाठी थांबलेल्या दोघींचा नंबर चार महिने मागे गेला. त्या बैठकीत बरंच बोलणं झालं, आणि आम्हाला ते ऐकून घ्यावं लागलं.

नंतर आम्ही मेकॅनिककडे बसून नीट विचारलं, बॅटरी मेली कशाने? उत्तर ऐकून वाटलं, यातलं निम्मं तर आपण स्वयंपाकघरात रोज करतो. भांडं कोरडं पडेपर्यंत आचेवर ठेवायचं नाही, हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही.

साध्या ई-रिक्षात १२ व्होल्टच्या चार शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या असतात. शंभर अँपिअर-अवरच्या असतील तर चारही मिळून सुमारे पावणेपाच युनिट वीज त्यांत मावते. भरताना थोडी वाया जाते, म्हणून मीटरवर साधारण सहा युनिट पडतात. अंदाज हवा असेल तर आपली इस्त्री आठ तास सतत चालू ठेवली असं समजा. म्हणून सॉकेट महत्त्वाचा. मोबाईलच्या एक्स्टेन्शन बोर्डावर ही गाडी लावायची नाही. १६ अँपिअरचा सॉकेट, अर्थिंग केलेलं, वर एमसीबी. वायरमनचे हजार-दीड हजार जातात, पण घर सुरक्षित राहतं. झोपायच्या खोलीत किंवा बाहेर पडायच्या एकमेव दाराशी चार्जिंग करू नका. या बॅटरीतून चार्ज होताना वायू निघतो आणि तो पेट घेऊ शकतो, तेव्हा हवा खेळती हवी.

आता वहिनींच्या चुका, म्हणजे आमच्याही. त्या गाडी पार संपेपर्यंत चालवत. शेवटची सवारी सोडून ढकलत घरी आणली, असंही झालं. शिसे-आम्लाची बॅटरी तळापर्यंत रिकामी केली की दर वेळी तिचं आयुष्य कमी होतं, आणि रिकामी बॅटरी तशीच रात्रभर ठेवली तर आणखी लवकर. दुसरी चूक पाण्याची. बॅटरीचं पाणी, म्हणजे डिस्टिल्ड वॉटर, संपलं की नळाचं टाकलं जायचं. नळाच्या पाण्यातले क्षार आतल्या प्लेटा खराब करतात. प्लेटा उघड्या पडू द्यायच्या नाहीत आणि पूर्ण चार्ज झाल्यावर खुणेपर्यंतच पाणी भरायचं, एवढं साधं काम होतं. तिसरी चूक आपल्या उन्हाची. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ अंशांवर जातो. उन्हातून आलेली तापलेली गाडी तशीच चार्जिंगला लावली जायची. आता वहिनी गाडी कडुनिंबाखाली तासभर थंड होऊ देतात, मगच पिन लावतात.

चालवण्याच्या सवयीही आल्याच. जागेवरून एकदम जोरात उचलली की बॅटरीतून एकदम जास्त वीज ओढली जाते. हळू सुरुवात, पुढचा सिग्नल लाल दिसला की आधीच हात सैल, ब्रेक कमी. चाकात हवा कमी असली तर गाडी जड होते, म्हणून आठवड्याला हवा तपासायची. आणि सवाऱ्या चारच. ई-रिक्षाला कायद्याने चालक सोडून चार प्रवासी आणि ४० किलो सामान एवढीच परवानगी आहे. सहा जण कोंबले तर भाडं दोघांचं जास्त मिळतं खरं, पण ते बॅटरीच्या खिशातून येतं. वहिनींना हे पटायला वेळ लागला. "सहावी सवारी रस्त्यात हात करते तर नाही कसं म्हणू?" हा त्यांचा प्रश्न होता, आणि त्याचं चांगलं उत्तर आमच्याकडेही नव्हतं. त्यांनी स्वतःच महिनाभर वहीत किलोमीटर लिहिले. चार सवाऱ्यांच्या दिवसांत गाडी जास्त पळते हे वहीत दिसलं, तेव्हा त्या थांबल्या.

नागपूरला चार्जिंगचा धडा नवा नाही. २६ मे २०१७ रोजी याच शहरात ओला आणि महिंद्रा यांनी सुमारे २०० विजेच्या वाहनांचा प्रकल्प सुरू केला. देशात असा हा पहिलाच, म्हणून मोठा गाजावाजा झाला. पुढच्या काही महिन्यांत चालकांच्या तक्रारी वर्तमानपत्रांत येऊ लागल्या. चार्जिंगच्या रांगेत तासन्‌तास जातात, तेवढा वेळ कमाई बंद, आणि काहींना गाडी परत करून पेट्रोल-डिझेलवर जायचं होतं. गाड्या चांगल्या होत्या, पण गाडीला लागणारा वेळ कोणी हिशोबात धरला नव्हता. मोठ्या लोकांचंही असं होतं हे वाचून आम्हाला, खोटं कशाला बोलू, थोडा धीर आला.

आता पैशांचं. पेट्रोलची रिक्षा लिटरला पंचवीस किलोमीटर देते असं धरलं तर किलोमीटरला चार रुपयांच्या वर नुसतं पेट्रोल जातं. ई-रिक्षाचे सहा युनिट, युनिट दहा रुपयांनी धरला तर साठ रुपये, त्यात सत्तर किलोमीटर. म्हणजे किलोमीटरला रुपयाही नाही. इथपर्यंतचा हिशोब गाडी विकणारा सांगतो. पुढचा आम्ही सांगतो. नवा संच ३२ हजारांचा आणि तो वर्षभर टिकला, तर रोजचे शंभर रुपये बॅटरीसाठी बाजूला पडले पाहिजेत. महिन्याचे २६ दिवस धरले तर वर्षाचे ३१ हजार २०० होतात. हे धरूनही ई-रिक्षा पेट्रोलपेक्षा स्वस्त पडते. पण ते शंभर रुपये भाजीत, पाहुण्यात, वाढदिवसात गेले तर दहाव्या महिन्यात आमच्यासारखी पाळी येते. वहिनींच्या घरी आता देव्हाऱ्याशेजारी वेगळा डबा आहे, आणि दर बैठकीला त्या तो पैसा गटात जमा करतात.

विजेच्या बिलाचंही बघा. रोज सहा युनिट म्हणजे महिन्याला दीडशेच्या वर. पहिल्या शंभर युनिटांचा दर कमी असतो, शंभरच्या पुढे तो जवळपास दुप्पट होतो. घरचा वापर आधीच ऐंशी-नव्वद युनिट असेल, तर गाडीची जवळपास सगळी वीज महागड्या दरात जाते. गाडी भाड्याने चालवायची असल्याने घरच्याच मीटरवर चालेल की वेगळी जोडणी घ्यावी, हे महावितरणच्या कार्यालयात आधी विचारा.

लिथियमची बॅटरी महाग असते, पण तीन-चार तासांत भरते, पाणी लागत नाही आणि नीट वापरली तर कितीतरी जास्त टिकते. ऊन तिलाही सोसत नाही. कर्ज मिळत असेल तर आम्ही आता लिथियमच सुचवतो. राज्य शासनाच्या महिला व बालविकास विभागाने २०२४ मध्ये पिंक ई-रिक्षा योजना आणली. तिच्यात किमतीच्या २० टक्के अनुदान, १० टक्के आपले आणि ७० टक्के बँकेचं कर्ज अशी रचना आहे. निवडलेल्या शहरांत नागपूरही आहे. अनुदान चांगलंच आहे, पण ७० टक्के कर्ज आपल्याच डोक्यावर असतं, हे विसरून सही करू नका.

गेल्या महिन्यात उमरेड रस्त्यावरच्या एका गटात मावशींनी विचारलं, "पेट्रोल आन बॅटरी दोन्हीवर चालते म्हणे अशी बी गाडी निघाली?" निघाली आहे. तिला प्लग-इन हायब्रिड म्हणतात. घरी पिन लावून भरायची, चाळीस-पन्नास किलोमीटर विजेवर, पुढे पेट्रोलवर. मावशींचा प्रश्न बरोबर होता, कारण नंदनवनहून उमरेडला जाऊन यायचं तर नव्वदच्या वर किलोमीटर होतात आणि आपली ई-रिक्षा तेवढी एका दमात पोचत नाही. पण ती कार आहे, महाग आहे आणि आपल्याकडे फार थोड्या आहेत. तिची एक गंमत मात्र सांगण्यासारखी आहे. युरोपात या गाड्या खूप आहेत. तिथल्या युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये प्रत्यक्ष रस्त्यावरच्या नोंदी तपासल्या, तर धूर कागदावरच्या आकड्याच्या साडेतीनपट निघाला. मोठं कारण हे की लोक पिन लावायचा कंटाळा करतात आणि पेट्रोलवरच हिंडतात. गाडी शेजाऱ्यांना दाखवायला पर्यावरणाची, चालते पेट्रोलवर!

आपली वीज तरी स्वच्छ आहे का? नागपूरच्या उत्तरेला कोराडी आणि खापरखेडा इथे कोळशावरची मोठी वीजकेंद्रं आहेत. जुलै २०२२ मध्ये कोराडीचा खसाळ्याचा राखतलाव फुटला आणि राखेचं पाणी शेतात, नाल्यांत गेलं. तिकडच्या बायकांना विचारा, विजेची गाडी बिनधुराची असते का. आपल्या देशात एक युनिट वीज बनताना सरासरी पाऊण किलोच्या आसपास कार्बन वायू निघतो. सत्तर किलोमीटरला सहा युनिट म्हणजे सव्वाचार-साडेचार किलो. तेवढ्याच अंतराला पेट्रोलच्या रिक्षातून साडेसहा किलोच्या जवळ निघतो. म्हणजे एक तृतीयांश कमी, शून्य नाही. आपल्या गल्लीत धूर येत नाही, शाळेतून येणाऱ्या पोरांच्या नाकात जात नाही, हा फायदा मोठाच आहे. उरलेला धूर कोराडीला निघतो.

छतावर सौर पॅनल असेल तर चित्र बदलतं. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत दोन किलोवॅटला ६० हजार आणि तीन किलोवॅटला ७८ हजार अनुदान आहे. तीन किलोवॅटचं छत चांगल्या उन्हात दिवसाला बारा युनिटच्या आसपास देतं, म्हणजे गाडी भरून घरालाही पुरतं. अडचण अशी की ऊन दुपारी असतं आणि बॅटरीला दुपारची उष्णताच नको असते. आम्ही काढलेला मार्ग असा, उन्हाळ्यात एक ते चार सवाऱ्या नसतातच, तेव्हा गाडी सावलीत आणायची, तासभर थंड करायची, दोन तास भरायची, आणि उरलेलं रात्री. बॅटरी तळाला जात नाही, हा वरचा फायदा.

जुन्या बॅटऱ्या भंगारवाल्याला वजनावर देऊ नका आणि अंगणात फोडू तर अजिबात नका. आतलं शिसं लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करतं. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी बनवणाऱ्यांवर आहे. नवा संच घेताना जुना दुकानातच द्या, त्याचे पैसे बिलातून कापून घ्या आणि पावती मागा.

वहिनींच्या दुसऱ्या संचाला आता पंधरावा महिना लागला आहे, आणि गाडी अजून साठ किलोमीटर देते. आमच्या गटात सध्या ई-रिक्षाचे दोन नवे अर्ज आहेत. गुरुवारी आम्ही दोघींच्या घरी जाणार आहोत, सोबत वायरमनला घेऊन. सॉकेट कुठे येईल, गाडी सावलीत कुठे उभी राहील, हे पाहून झालं की मगच अर्जावर सह्या होतील.