एक बर्थ, पाच सर्व्हर

संगणकांचे जाळे उभारताना तारा आणि वेग यांच्या आधी एक प्रश्न सोडवावा लागतो. नोंद कोणाकडे राहील, ती बदलण्याचा अधिकार कोणाला असेल आणि बाकीच्यांनी तिच्यापर्यंत कसे पोहोचायचे? या प्रश्नाची जी वेगवेगळी उत्तरे गेल्या साठ-पासष्ट वर्षांत दिली गेली, तीच जाळ्यावरील संगणकांच्या सहकार्याची प्रारूपे होत. एक मोठा संगणक आणि त्याला जोडलेले टर्मिनल, सेवा मागणारा क्लायंट आणि ती पुरवणारा सर्व्हर, अनेक सर्व्हरांत वाटलेला कारभार आणि कोणीच मुख्य नसलेले बरोबरीच्या संगणकांचे जाळे हे त्यातले ठळक प्रकार. भारतीय रेल्वेची आरक्षण व्यवस्था यांपैकी पहिल्या तिन्हींचा अनुभव घेऊन उभी आहे. चौथ्यापासून ती दूर राहिली, आणि त्याचे कारणही तितकेच शिकण्याजोगे आहे.

संगणक येण्यापूर्वी आरक्षण रजिस्टरात होत असे. गाडीगणिक आणि तारखेगणिक पान वेगळे, आणि ज्या खिडकीवर त्या गाडीचे रजिस्टर, तिथेच त्या गाडीचे तिकीट. दुसऱ्या खिडकीवरच्या कारकुनाला ती गाडी भरली की रिकामी आहे हे कळण्याचा मार्ग नव्हता. वाटेतल्या स्थानकांना ठरावीक कोटा दिलेला असे, आणि परतीच्या प्रवासाची मागणी तारेने पाठवून उत्तराची वाट पाहावी लागे. रजिस्टरात एक गुण मात्र होता: एका बर्थची नोंद एकाच पानावर असे, म्हणून ती दोघांना विकली जाण्याची शक्यता कमी. पुढच्या सगळ्या संगणकीय रचनांना हा गुण जपूनच रजिस्टरची अडचण दूर करायची होती.

जगात हे काम आधी विमान कंपन्यांनी केले. अमेरिकन एअरलाइन्स आणि आयबीएम यांची ‘सेबर’ ही प्रणाली १९६४पर्यंत पूर्णपणे कामाला लागली. न्यूयॉर्क राज्यातल्या ब्रायरक्लिफ मॅनर येथे आयबीएम ७०९० जातीचे दोन संगणक होते आणि देशभरातली तिकीट कार्यालये टेलिफोनच्या लाइनींनी त्यांना जोडलेली होती. हेच केंद्रीय प्रारूप. कार्यालयातल्या टर्मिनलकडे स्वतःची बुद्धी नसते. ते कळफलकावरची अक्षरे पाठवते आणि आलेले उत्तर दाखवते. हिशेब आणि नोंद दोन्ही मुख्य संगणकाकडे.

रेल्वेने १९८५मध्ये नवी दिल्लीत संगणकीय आरक्षणाचा पहिला प्रयोग केला तो याच धर्तीवर. पुढच्याच वर्षी रेल्वेच्या संगणकीय कामांसाठी ‘क्रिस’ ही स्वतंत्र संस्था स्थापन झाली. प्रवाशाच्या दृष्टीने बदल मोठा होता, कारण कोणत्याही खिडकीवर कोणत्याही गाडीचे तिकीट मिळू लागले. दोन कारकुनांनी एकाच क्षणी शेवटची बर्थ मागितली तरी संगणक त्या नोंदीला कुलूप लावतो, पहिल्याचे काम पूर्ण करतो आणि मगच दुसऱ्याला नोंद उघडून देतो. दुसऱ्याला आरएसी किंवा वेटिंग लिस्ट मिळते. गर्दी कितीही असो, निकाल एकच लागतो.

पण दिल्लीपाठोपाठ मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद येथे केंद्रे उभी राहिली तेव्हा प्रत्येक केंद्र एक बेट झाले. शहरातल्या सगळ्या खिडक्या एक झाल्या, पण शहरे एकमेकांपासून तुटलेलीच राहिली. ही बेटे जोडण्याचे तीन मार्ग होते.

पहिला मार्ग म्हणजे सगळ्या देशाची नोंद एकाच संगणकावर नेणे. हे कागदावर सोपे दिसते. पण लांब पल्ल्याच्या लाइनी त्या काळी मंद होत्या आणि वारंवार तुटत. मुंबईत मुंबईहून सुटणाऱ्या गाडीचे तिकीट काढायलाही दिल्लीची लाइन चालू असावी लागली असती. दुसरा मार्ग म्हणजे पाचही ठिकाणी संपूर्ण नोंदीची प्रत ठेवणे. मग वाचणे झटपट होते, पण लिहिणे धोक्याचे. लाइन तुटलेली असताना मुंबईने आणि चेन्नईने तीच बर्थ विकली तर दोन प्रवासी एकाच जागेसमोर उभे राहणार. तिसरा मार्ग नोंदीची वाटणी करण्याचा, आणि रेल्वेने तोच घेतला.

क्रिसने तयार केलेल्या ‘कॉन्सर्ट’ या सॉफ्टवेअरने १९९९पर्यंत ही पाचही केंद्रे एकमेकांना जोडली. प्रत्येक गाडी एकाच केंद्राच्या मालकीची असते, आणि तिच्या सगळ्या बर्थची नोंद त्याच केंद्राच्या सर्व्हरवर राहते. दादरच्या खिडकीवर कोणी हावड्याहून सुटणारी गाडी मागितली, की मुंबईचा सर्व्हर ती मागणी कोलकात्याकडे धाडतो. बर्थ कोलकाता देतो, तिकीट दादरला छापले जाते. म्हणजे एका मागणीपुरता मुंबईचा सर्व्हर कोलकात्याचा क्लायंट होतो, आणि पुढच्याच क्षणी कोलकात्याहून आलेल्या मागणीसाठी पुन्हा सर्व्हर. या वाटणीची खूण तिकिटावरही असते. दहा अंकी पीएनआरचा पहिला अंक केंद्र सांगतो: मुंबई केंद्राच्या गाड्यांचे पीएनआर ८ किंवा ९ने सुरू होतात, दिल्लीचे २ किंवा ३ने.

या रचनेतले खरे कौशल्य कापण्याची जागा निवडण्यात आहे. वाटणी प्रवाशांच्या गावानुसार किंवा खिडक्यांनुसार केली असती तर एकाच गाडीच्या बर्थ पाच सर्व्हरांवर विखुरल्या असत्या. ती गाडीनुसार केल्यामुळे एका बर्थचा सगळा व्यवहार एकाच सर्व्हरच्या आत उरकतो. बँकांना ही सोय नेहमी मिळत नाही. एका बँकेतून दुसरीत पैसे जाताना दोन ठिकाणच्या दोन नोंदी बदलाव्या लागतात. असा व्यवहार एकाच वेळी बांधायचा तर ‘टू-फेज कमिट’ ही पद्धत वापरता येते. आधी दोघांना विचारायचे की तयार आहात का, दोघांचा होकार आला की मगच बदल पक्का करायचा. ही पद्धत भरवशाची असली तरी जड आहे, कारण होकार देऊन बसलेल्याला दुसऱ्याची वाट पाहत नोंद अडवून धरावी लागते. जी वाटणी अशी वेळच येऊ देत नाही ती अधिक चांगली, आणि या निकषावर रेल्वेची निवड आजही उत्तम ठरते.

क्लायंट आणि सर्व्हर ही विभागणी संगणकजाळ्यांच्या जन्माइतकीच जुनी आहे. ऑक्टोबर १९६९मध्ये अर्पानेट या सुरुवातीच्या संगणकजाळ्यावरून पहिला संदेश गेला. त्याच्या आधी, जूनमध्ये त्या जाळ्याच्या आखणीसाठी लिहिलेल्या पाचव्या आरएफसी टिपणातच ‘सर्व्हर-होस्ट’ आणि ‘युजर-होस्ट’ असे दोन पक्ष मानले आहेत. ऐंशीच्या दशकात पीसी स्वस्त झाले आणि मागणाऱ्या बाजूलाही बुद्धी आली. पडद्यावरची मांडणी आणि भरलेल्या अर्जाची तपासणी क्लायंट करू लागला, सर्व्हर नोंद सांभाळू लागला. सर्न या संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९९०मध्ये वेबचा पहिला सर्व्हर आणि ब्राउझर तयार केला, आणि पुढे ब्राउझर हा सगळ्यांचा सामाईक क्लायंट बनला.

आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावर ऑगस्ट २००२मध्ये तिकीटविक्री सुरू झाली ती याच वाटेने. इथे थर तीन आहेत: प्रवाशाचा ब्राउझर किंवा मोबाइल, मधले आयआरसीटीसीचे सर्व्हर आणि सर्वांत मागे बर्थची नोंद ठेवणारी आरक्षण केंद्रे. मधला थर गर्दी झेलतो. २०१४मध्ये हा थर नव्याने बांधला गेला तेव्हा मिनिटाला २,००० तिकिटांऐवजी ७,२०० तिकिटे काढण्याची क्षमता आली. गाड्यांची माहिती आणि उपलब्धता असा वारंवार विचारला जाणारा मजकूर मधल्या संगणकांच्या स्मृतीतच ठेवता येतो, म्हणजे प्रत्येक वेळी मागे विचारावे लागत नाही. पण बर्थ देणे स्मृतीतल्या प्रतीवरून करता येत नाही, त्यासाठी मूळ नोंदच उघडावी लागते. तत्काळच्या वेळी, वातानुकूलित डब्यांसाठी सकाळी दहाला आणि बाकीच्यांसाठी अकराला, पडद्यावर जागा शिल्लक दिसते आणि पैसे भरेपर्यंत वेटिंग लिस्ट हाती येते. पडद्यावर दिसला तो काही क्षणांपूर्वीचा आकडा, आणि दरम्यान मूळ नोंद पुढे गेलेली असते.

चौथे प्रारूप बरोबरीच्या संगणकांचे. १९९९मध्ये आलेल्या नॅपस्टरमध्ये गाणी एकमेकांच्या संगणकांवरून घेतली जात, पण कोणाकडे काय आहे याची यादी कंपनीच्या सर्व्हरवर होती. न्यायालयीन लढाईनंतर २००१मध्ये ती यादी बंद पडली आणि सगळे जाळे थांबले. ब्रॅम कोहेन यांनी २००१मध्ये तयार केलेल्या बिटटोरंटने फाइलचेच तुकडे केले. ज्याला जो तुकडा मिळाला तो त्याने लगेच इतरांना द्यायचा. इथे मागणारे वाढतात तसे देणारेही वाढतात, आणि मोठ्या फाइली वाटण्यासाठी याहून किफायतशीर रचना सापडणे कठीण. मात्र गाण्याची दुसरी प्रत निघाली म्हणून पहिली कमी होत नाही. बर्थची दुसरी प्रत नसते. ती कोणाची हे ठरवायला सर्वांनी मानलेली एक नोंद हवी, आणि मुख्य नसलेल्या जाळ्यात तेवढे एकमत घडवणे फार महागात पडते.

एरिक ब्रुअर यांनी २०००मध्ये मांडलेला आणि गिल्बर्ट व लिंच यांनी २००२मध्ये सिद्ध केलेला सिद्धांत हीच मर्यादा सांगतो: जाळे तुटलेले असताना प्रत्येक मागणीला उत्तर देणे आणि सगळीकडे एकच खरी नोंद राखणे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधत नाहीत. रेल्वे अशा वेळी उत्तर नाकारते. कोलकात्याची लाइन बंद असेल तर दादरला कोलकात्याच्या गाडीचे तिकीट मिळत नाही, पण मुंबईच्या गाड्यांची विक्री चालू राहते. प्रवाशाचा राग ओढवून घेणारा, तरीही योग्य असा हा निर्णय आहे.

नोंदीचा शेवटचा टप्पा म्हणजे चार्ट. कागदी चार्ट निघाला की ती नोंदीची गोठलेली प्रत असे. वाटेत कोणी आला नाही तर रिकामी बर्थ कोणाला द्यायची हे टीटीई पेनाने ठरवत असे, आणि सर्व्हरला त्याचा पत्ता नसे. आता अनेक गाड्यांत टीटीईकडे हातात धरायचे टर्मिनल असते. न आलेल्या प्रवाशाची नोंद त्यावर होते, ती मोबाइल जाळ्यावरून सर्व्हरकडे जाते, आणि सुटलेली बर्थ आरएसी प्रवाशाला किंवा पुढच्या स्थानकावरून चढणाऱ्याला मिळू शकते.