जुनी बुलेट, नवी जुळणी – भाग 7 : क्लच दाबूनही ओढणारी गाडी

इंजिन नव्याने बांधलेलं असतं, टाकीला रंग चढलेला असतो, पहिल्या किकला गाडी सुरूही होते. मग क्लच दाबून पहिला गिअर टाकला की 'खट्ट' असा आवाज येतो आणि गाडी पुढे सरकायला बघते. सिग्नलला उभं राहिल्यावर न्यूट्रल काही केल्या सापडत नाही. चालत्या गाडीत जे न्यूट्रल सहज मिळतं, ते गाडी उभी राहिली की गायब होतं. जुन्या गाडीची जुळणी झाल्यावर पहिल्या आठवड्यात जेवढ्या तक्रारी येतात, त्यांत ही अगदी नेहमीची. क्लच स्लिप होणं हे याच्या नेमकं उलटं दुखणं आहे. तिथे प्लेटा एकमेकींना धरत नाहीत, इथे त्या सोडत नाहीत. बरेच जण दोन्हींवर एकच इलाज करतात, तो म्हणजे नवा प्लेट-सेट. तिथेच पैसा वाया जायला सुरुवात होते.

या भागासाठी चार गिअरची, उजव्या पायाने गिअर टाकायची जुनी बुलेट 350 घेतली आहे. 1955 मध्ये रॉयल एनफिल्डची मद्रास मोटर्सशी भागीदारी होऊन तिचं भारतातलं उत्पादन सुरू झालं. इंग्लंडमधल्या रेडिचहून आलेली ती मूळ ब्रिटिश घडण पुढे अनेक दशकं फारशी बदलली नाही. तिच्या अल्बियन गिअरबॉक्सवर एक जादा खटका असतो, न्यूट्रल फाइंडर. दुसऱ्या, तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये असताना क्लच दाबून तो टाचेने खाली रेटला की गाडी थेट न्यूट्रलला येते. सोय फार चांगली आहे, पण क्लच ओढत असताना हाच खटका मूळ दोष महिनोन्‌महिने झाकून ठेवतो.

दोष शोधायचा तर आधी एक छोटा हिशेब मनात पक्का हवा. क्लच दाबला की प्रेशर प्लेट फार उचलली जात नाही. समजा ती 2 मिलिमीटर उचलली गेली आणि आत चार फ्रिक्शन प्लेटा आहेत. म्हणजे घासणाऱ्या बाजू आठ आणि प्रत्येक बाजूच्या वाट्याला आलेली फट 0.25 मिलिमीटर. जास्त पकड मिळावी म्हणून कुणी पाचवी प्लेट कोंबली, तर तीच फट 0.20 वर येते. एखादी पोलादी प्लेट तेवढीच वाकडी असली की संपलंच, ती दोन्ही बाजूंना टेकणार. त्यामुळे सगळा शोध घ्यायचा तो या दोन मिलिमीटरांचा. मुठीतून निघालेली ही उचल वाटेत कुठे हरवते?

मात्र कव्हर उघडण्याआधी दोष खरोखर क्लचचाच आहे ना, हे पाहायला हवं. गाडी मेन स्टँडवर घ्यावी, इंजिन गरम होऊ द्यावं आणि न्यूट्रलमध्ये क्लच सोडून मागच्या चाकाकडे पाहावं. चाक हळूहळू फिरत असेल आणि बुटाच्या हलक्या दाबाने थांबत असेल, तर काळजी नको. न्यूट्रलमध्येही ते जोराने ओढत असेल, तर क्लचला हात लावू नये. या गिअरबॉक्समध्ये मागच्या चेनचं पुढचं स्प्रॉकेट स्लीव्ह गिअरवर बसतं आणि त्या गिअरच्या पोटातून मेनशाफ्ट फिरतो. जुळणी करताना नवा बुश नीट रीमर न मारता बसवला, तर शाफ्ट त्या गिअरलाच सोबत घेऊन फिरतो. लक्षण थेट क्लचसारखं दिसतं, पण इलाज गिअरबॉक्समध्ये असतो.

क्लचच दोषी ठरला, तर सुरुवात हँडलपासून करावी. ब्रिटिश घडणीच्या गाड्यांसाठी दोन मापांचे लिव्हर मिळतात. पिव्होटपासून वायरच्या निपलपर्यंतचं अंतर एकात साधारण 22 मिलिमीटर असतं, दुसऱ्यात 27. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. 27 च्या जागी 22 चा चकचकीत लिव्हर बसला, तर वायर सुमारे 18 टक्के कमी ओढली जाते. मूठ हलकी लागते म्हणून मालक खूश असतो, आणि तिकडे वरच्या हिशेबातले 2 मिलिमीटर 1.64 वर आलेले असतात. नवी टाकी किंवा हँडल बसवताना वायरला तीव्र वळण पडलं असेल, तर तिचं बाहेरचं आवरण दाबलं जातं आणि उरलेली ओढही तिथेच जिरते.

पुढचा मुक्काम रॉडचा. मेनशाफ्ट पोकळ असतो. त्यातून गेलेला रॉड प्रेशर प्लेटला आतून ढकलतो. गिअरबॉक्सच्या कव्हरवरचं छोटं झाकण काढलं की त्याचा ॲडजस्टर आणि लॉकनट दिसतो. इथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी वायर पूर्ण सैल करावी, मग ॲडजस्टर रॉडला जेमतेम टेकवून थोडा मागे घ्यावा आणि शेवटी वायरने मुठीपाशी 2-3 मिलिमीटर प्ले ठेवावा. घाईत सगळी कसर वायरवरच काढली जाते. मग रॉडला ढकलणारा आतला खटका चुकीच्या कोनात उभा राहतो आणि उचल कमी देतो. प्ले अजिबात न ठेवता चालवलेल्या गाडीचा रॉड बाहेर काढला, तर त्याचं टोक निळसर पडलेलं आणि खिळ्याच्या डोक्यासारखं पसरलेलं सापडतं. सतत दाबाखाली फिरून ते तापतं, पोलादाचा कडकपणा जातो आणि रॉड आखूड होत राहतो. तो घासून परत बसवू नये, बदलावाच.

एवढं सगळं ठीक असेल, तरच डाव्या बाजूचं प्रायमरी कव्हर उघडावं. इथे मात्र वेळ द्यायला हवा. प्रत्येक पोलादी प्लेट जाड काचेवर ठेवून कडेने फिलर गेज फिरवावा. 0.20 ची पट्टी खाली सहज शिरली, तर ती प्लेट बाद. हातोडीने सरळ केलेली प्लेट गरम झाली की पुन्हा वाकते. नव्या प्लेटाही तशाच बसवू नयेत. पंच करून कापल्यामुळे त्यांच्या एका कडेला धारदार कंगोरा राहतो. नख फिरवलं की तो लागतो. बारीक कानशीने तो घालवावा. मग क्लच हाऊसिंगच्या खाचा उजेडात धराव्यात. फ्रिक्शन प्लेटांचे कान वर्षानुवर्षं आपटून तिथे पायऱ्या पडलेल्या असतात. क्लच दाबला की कान त्या पायरीत अडकतो आणि प्लेट सरकतच नाही. पायरी उथळ असेल तर खाच समान घासून घेता येते. खोल असेल तर हाऊसिंग बदलणं हाच प्रामाणिक सल्ला, कारण जास्त घासलं की कान सैल पडून नवी पायरी लवकर तयार होते. नव्या प्लेटा घालूनही चार दिवसांत तक्रार परत येते, त्याचं कारण बहुतेक वेळा या खाचांतच असतं.

प्रायमरी चेन फार ताणलेली नाही ना, हेही त्याच वेळी बघून घ्यावं. घट्ट जागी सुमारे 6 मिलिमीटर ढील हवी. प्रायमरीत जाड ऑइल असेल तर थंडीत प्लेटा चिकटतात.

कव्हर लावण्याआधी इग्निशन बंद ठेवून, क्लच दाबून किक हळूच खाली न्यावी. या गाडीत किक गिअरबॉक्समधून क्लचमार्फत इंजिनला फिरवते. म्हणजे क्लच सुटत असेल तर हब आणि प्रेशर प्लेट फिरतील, चेन जागेवर राहील. फिरताना प्रेशर प्लेट डुलत असेल, तर ती एका बाजूला जास्त उचलली जाते आहे. अशा वेळी सगळ्या स्प्रिंगा काढून एका ओळीत उभ्या ठेवाव्यात आणि आखूड पडलेली दिसली, तर पूर्ण सेट बदलावा. ट्रायम्फ आणि बीएसएच्या मालकांना स्प्रिंगचे नट कमी-जास्त करून हे डुलणं काढता येतं, या बुलेटमध्ये ती सोय नाही. सकाळी पहिल्यांदा गाडी सुरू करण्याआधीही असंच क्लच दाबून दोन-तीनदा किक मारावी. रात्रभर ऑइलने चिकटलेल्या प्लेटा त्याने सुट्या होतात आणि पहिला गिअर आवाज न करता पडतो.

पुढच्या भागात स्लीव्ह गिअरचा तो बुश आणि अल्बियन गिअरबॉक्सची जुळणी.