पाणी तेवढेच, पट्टी बदलली

छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यातल्या वह्या-पुस्तकांच्या दुकानांत शाळा-महाविद्यालये सुरू झाली की आलेख कागद खपतो. फिकट हिरव्या किंवा तांबूस रेषांचा, मिलिमीटरच्या चौकटी पाडलेला. विज्ञानाच्या वहीत हा कागद चिकटवायचा आणि उजवीकडे वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहायचे : ‘प्रमाण : एक्स अक्षावर १ सेमी = १० एकक, वाय अक्षावर १ सेमी = ५ एकक’. आलेख कितीही सुबक असला तरी ही ओळ विसरली की गुण कापले जातात, हे मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

हे प्रमाण ठरवायची रीतही ठरलेली. आधी निरीक्षणांचा तक्ता पूर्ण करायचा. त्यातला सर्वांत लहान आकडा कोणता, मोठा कोणता, दोहोंत फरक किती आणि कागदावर जागा किती, हे बघून भागाकार करायचा आणि मग सोयीचा आकडा धरायचा. सगळी भिस्त एकाच गोष्टीवर आहे. निरीक्षणे संपलेली हवीत. तक्ता अर्धवट असताना अक्ष आखायला बसलेल्या मुलाला पुढचा आकडा कागदाबाहेर जाईल की काय, हे कळणार कसे?

आज भिंतीवरच्या स्क्रीनवर आणि हातातल्या मोबाइलवर जे आलेख सतत सरकताना दिसतात, त्यांची अडचण नेमकी हीच आहे. त्यांचा तक्ता कधी पूर्ण होतच नाही. दर मिनिटाला, कधी दर सेकंदाला नवा आकडा येतो आणि तो आधीच्या सगळ्यांपेक्षा मोठा असू शकतो. म्हणून अक्ष आपोआप बदलण्याची सोय संगणकाला द्यावी लागते. ती सोय काय करते आणि बघणाऱ्याच्या नजरेला कुठे चकवते, हे समजून घ्यायला या शहराला दूर जावे लागत नाही. पन्नास किलोमीटरवर पैठण आहे, गोदावरीवरच्या जायकवाडी धरणाचे गाव.

पावसाळ्यात भाजीमंडईपासून जिल्हा परिषदेपर्यंत एकच चौकशी चालते : जायकवाडी किती झाले? शहराचे पिण्याचे पाणी त्या धरणावर अवलंबून आहे. लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते १९६५ मध्ये पायाभरणी आणि इंदिरा गांधींच्या हस्ते १९७६ मध्ये लोकार्पण झालेले हे धरण. त्याच्या नाथसागर जलाशयाची पूर्ण संचय पातळी १५२२ फूट, म्हणजे ४६३.९० मीटर. जिवंत साठा जिथे संपतो ती पातळी १४९४.५ फूट, म्हणजे ४५५.५२ मीटर. दोन्ही उंची समुद्रसपाटीपासूनच्या. जिवंत साठा २१७१ दलघमी (दशलक्ष घनमीटर), त्याच्या खालचा मृतसाठा ७३८ दलघमी.

आता हाच आलेख कागदावर काढून बघू. ‘उभा अक्ष शून्यापासूनच सुरू झाला पाहिजे, नाहीतर आलेख फसवा’ असा एक नियम हल्ली हिरिरीने सांगितला जातो. वीस सेंटिमीटर उंचीच्या कागदावर शून्य ते ४६४ मीटर बसवले, तर धरण काठोकाठ भरणे आणि जिवंत साठा पूर्ण संपणे यांतले अंतर उरते जेमतेम साडेतीन मिलिमीटर. तुडुंब वर्षाची रेषा आणि दुष्काळी वर्षाची रेषा एकमेकींना चिकटलेल्या दिसतील. खांबांच्या आलेखाला तो नियम योग्य आहे, कारण तिथे खांबाची लांबीच बोलते. धरणाच्या पातळीला तो लावला, तर बघायचे तेच झाकले जाते. इथे अक्ष ४५५ च्या आसपास सुरू झाला पाहिजे. आपोआप बदलणारा अक्ष हे न सांगता करतो, ही त्याची मोठी सोय.

यंत्राची रीत त्या विद्यार्थ्याचीच आहे. फरक एवढाच की ते सगळा भागाकार दर वेळी नव्याने करते. समजा, दिवसभरात पातळी ४५९.१३ पासून ४५९.४७ मीटरपर्यंत गेली. फरक ३४ सेंटिमीटर. रेषा चौकटीला घासू नये म्हणून दोन्ही बाजूंना थोडी मोकळी जागा सोडायची. मग खुणांचे आकडे शोधायचे. माणसाला ४५९.१७३ अशा खुणा वाचवत नाहीत, म्हणून १, २, ५ आणि त्यांच्या दहापटी किंवा दशांश यांतूनच टप्पा निवडायचा. इथे टप्पा येईल ०.०५ आणि खुणा पडतील ४५९.१५, ४५९.२०, ४५९.२५ अशा. पॉल हेकबर्ट यांनी १९९० मध्ये ‘छान दिसणारे आकडे’ निवडण्याची ही रीत संगणकासाठी नीट मांडून दिली. पुढचे वाचन ४५९.५२ आले की चौकट अपुरी पडते आणि सगळा हिशेब पहिल्यापासून.

हे वाटते तितके आपोआप मात्र होत नाही. पायथॉन ही संगणकभाषा शिकणारी मुले आलेखांसाठी मॅटप्लॉटलिब वापरतात. ते लिहिले जॉन हंटर यांनी. ते शिकागोत मेंदूविज्ञानाचे संशोधक होते, अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतून येणारे विद्युत संकेत त्यांना पडद्यावर बघायचे होते आणि त्या गरजेतून २००३ मध्ये हे साधन बाहेर आले. २०१२ मध्ये, वयाच्या ४४ व्या वर्षी, हंटर गेले; त्यांचे साधन जगभर वापरात राहिले.

मॅटप्लॉटलिबमध्ये पहिल्यांदा आलेख काढला की अक्ष बरोबर बसतात. पण हलता आलेख करताना दर वेळी सगळे चित्र पुसून नव्याने काढणे संथ पडते, म्हणून तीच रेषा ठेवून तिच्यातले आकडे तेवढे बदलतात. इथे नवखा माणूस अडकतो. आकडे बदलले तरी अक्ष जुनाच राहतो, रेषा वरून चौकटीबाहेर निघून जाते आणि पडदा रिकामा दिसतो. त्याला वेगळे सांगावे लागते : आधी ‘रीलिम’, म्हणजे नव्या आकड्यांच्या सीमा मोज, मग ‘ऑटोस्केल व्ह्यू’, म्हणजे त्या सीमांप्रमाणे अक्ष बसव. मध्येच कोणी हाताने मर्यादा घालून दिली असेल, तर आपोआप बदलणे बंद पडते आणि ते पुन्हा चालू करावे लागते.

याहून घातक एक चूक आहे, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. वेग वाढवण्यासाठी मागची चौकट, खुणा आणि आकडे यांचे एक चित्र साठवून ठेवतात आणि त्यावर फक्त रेषा फिरवतात. अक्ष बदलला पण साठवलेले चित्र बदलले नाही, तर रेषा नव्या प्रमाणाने धावते आणि डावीकडचे आकडे जुन्या प्रमाणाचे राहतात. पडदा व्यवस्थित, रेषा झोकात, आणि वाचलेला प्रत्येक आकडा चुकीचा. रिकामा पडदा परवडला. त्यावर निदान कोणी विश्वास ठेवत नाही.

तांत्रिक बाजू इथे पुरे. खरा प्रश्न बघणाऱ्याचा आहे.

पाऊस नसलेल्या एखाद्या दिवशी नाथसागर दोन सेंटिमीटर चढला, असे समजू. आपोआप बदलणारा अक्ष त्या दोन सेंटिमीटरलाच सगळा पडदा देऊन टाकतो. रेषा डाव्या तळातून उजव्या माथ्याला भिडते. मोबाइलवर ते चित्र फिरले की ‘धरण झपाट्याने भरतेय’ अशी बातमी व्हायला वेळ लागत नाही. शेअर बाजाराच्या ॲपवर हेच रोज घडते : ८० हजारांच्या निर्देशांकात १६० अंश हलले, म्हणजे ०.२ टक्के, तरी रेषा कड्यावरून कोसळल्यासारखी दिसते.

मग दोन सेंटिमीटर क्षुल्लक आहेत का? नाहीत. भरलेल्या नाथसागराचे पाणी साधारण ३५० चौरस किलोमीटरवर पसरते. त्यावरचा एक सेंटिमीटरचा थर म्हणजे साडेतीन दलघमी, ३५० कोटी लिटर. पाण्याचा जमाखर्च ठेवणाऱ्या अभियंत्याला हा सेंटिमीटर ठळक दिसलाच पाहिजे. ‘उन्हाळा निघेल का’ हे विचारणाऱ्या नागरिकाला मात्र साडेसत्तावीस फुटांची सगळी पट्टी समोर हवी. आकडा एकच, प्रश्न दोन, म्हणून प्रमाणेही दोन. यंत्राला सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा कळतो. बघणारा काय विचारतो आहे, हे त्याला कळत नाही.

विसर्गाचा आलेख आणखी अवघड. जायकवाडीचे २७ दरवाजे. एक दरवाजा अर्धा फूट उचलला की सुमारे सव्वापाचशे क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट, पाणी सुटते. ऑगस्ट २००६ च्या पुरात, पैठण पाण्यात गेले तेव्हा, हा विसर्ग अडीच लाख क्युसेकच्या घरात होता. जवळजवळ पाचशे पट! तो पूर वीस सेंटिमीटरच्या पडद्यावर मावेल असा अक्ष बसवला, तर एका दरवाजाचे अर्धा फूट उघडणे अर्ध्या मिलिमीटरचेही होत नाही. पेन्सिलीचे टोक त्याहून जाड असते. गोदाकाठच्या माणसाला पहिला दरवाजा उघडल्याची वर्दी तर सगळ्यांत आधी लागते.

अशा वेळी लघुगणकी अक्ष कामाला येतो. त्यावर १००, १०००, दहा हजार, एक लाख या खुणा सारख्या अंतरावर असतात. दर पायरीला दहापट. भूकंपाची रिश्टर मोजणी १९३५ पासून याच तत्त्वावर चालते, म्हणून ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप आणि कोणाला न जाणवलेला एखादा हादरा एकाच मापात सांगता येतात. पण या अक्षावर शून्य बसत नाही, आणि दरवाजे बंद असले की विसर्ग शून्यच असतो. म्हणून शून्याजवळ साधी आणि पुढे लघुगणकी अशी जोडपट्टी वापरावी लागते. ती वाचायला सवय हवी. रोजच्या बातमीत ती टाकली तर बाजूला दोन ओळी समजावून सांगितल्याच पाहिजेत.

शून्याची दुसरी गाठ टक्केवारीत आहे. वर्तमानपत्रात येणारे जायकवाडीचे टक्के जिवंत साठ्याचे असतात. शून्य टक्के म्हणजे धरण कोरडे नव्हे. खाली ७३८ दलघमी मृतसाठा असतोच. २०१९ च्या उन्हाळ्यात जिवंत साठा संपला आणि पिण्याचे पाणी मृतसाठ्यातून उचलावे लागले. टक्केवारी उणे झाली. हिशेबाने ती उणे ३४ पर्यंत जाऊ शकते. ज्याने अक्षाची खालची मर्यादा शून्यावर ठोकून ठेवली असेल, त्याचा आलेख नेमक्या त्याच दिवसांत आंधळा होतो. धरण उशाला आणि कोरड घशाला, अशा गावात हे चालणार नाही.

बिघडलेल्या संवेदकाचे काय? तार सैल झाली आणि एकदाच ९९९९ असा आकडा आला, तर अक्ष दहा हजारांपर्यंत ताणला जातो आणि महिन्याभराची खरी रेषा तळाशी चपटी होऊन पडते. शेवटच्या चोवीस तासांचाच आलेख दाखवायचा असेल, तर आणखी एक भूल होते : कालचा उंच आकडा चौकटीच्या डाव्या कडेने बाहेर पडतो, अक्ष त्याच क्षणी आखडतो आणि उरलेली शांत रेषा एकदम उसळलेली दिसते. पाणी जागच्या जागी, हलली ती पट्टी.

वैद्यकाने या बाबतीत फार पूर्वी शहाणपणाचा निर्णय घेतला. ईसीजीच्या पट्टीवर सर्वसाधारण प्रमाण ठरलेले : कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो आणि एक मिलिव्होल्ट म्हणजे १० मिलिमीटर उंची. पट्टीवर एक लहान चौकोनी कमान छापलेली असते, ती या मापाची साक्ष. लाटा फार उंच असतील तर यंत्र उंची निम्मी करू शकते, पण तसे पट्टीवर छापून. कारण लाटांची उंची हाच आजाराचा पुरावा असतो. हृदयाभोवती पाणी साचले की लाटा खुजट होतात. यंत्राने त्या आपोआप ताणून पडदाभर केल्या असत्या, तर डॉक्टरांना धडधाकट माणसाचा ईसीजी दिसला असता.

धरणाच्या थेट आलेखाला ईसीजीइतकी कडक शिस्त नको, त्याने बदलावे. पण कसे बदलावे हे माणसाने ठरवून द्यायला हवे. आकडा बाहेर जाताना अक्षाने लगेच मोठे व्हावे. लहान होताना मात्र सावकाश, काही तास वाट पाहून. एकट्यादुकट्या अशक्य आकड्यासाठी पट्टी ताणू नये, त्याला वेगळी खूण करावी. प्रमाण बदलले की केव्हा बदलले, हे आलेखावरच उमटावे. आणि काही रेषा पडद्यावरून कधीच जाऊ देऊ नयेत. जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २०१४ च्या आदेशाने नगर-नाशिकच्या धरणांतून पाणी सोडण्यासाठी जायकवाडीतल्या १५ ऑक्टोबरच्या ६५ टक्के साठ्याचा निकष धरला. मराठवाड्याचे भांडण त्या एका आडव्या रेषेवर झाले. पट्टी आखडली म्हणून ती रेषा चौकटीबाहेर गेली, तर उरलेला आलेख कितीही बारकाईने काढला तरी काय उपयोग?

जलसंपदा विभागासाठी, महापालिकेसाठी किंवा महाविद्यालयातल्या प्रकल्पासाठी कोणी असा आलेख तयार करत असेल, तर एवढे करावे : नाथसागराच्या आलेखावर १५२२ फूट आणि १४९४.५ फूट या दोन रेषा कायम ठेवाव्यात, आणि उजवीकडे वरच्या कोपऱ्यात, दहावीच्या वहीत लिहायचो तसे, चालू प्रमाण लिहावे.