मोट, चामड्याची

मोट, चामड्याची : विहिरीतील पाणी बैलांच्या साहाय्याने वर काढण्यासाठी वापरले जाणारे, कमावलेल्या कातड्याचे हाताने शिवलेले मोठे पात्र. पाणी उपसण्याच्या संपूर्ण साधनालाही मोट असेच म्हणतात. ‘मोट बांधणे’ या वाक्प्रचारातील मोट म्हणजे गाठोडे; ती येथे अभिप्रेत नाही. महाराष्ट्रात विहीरबागायत होती तेथे सर्वत्र मोट आढळत असे. प्रस्तुत नोंदीत मराठवाड्याच्या पठारी भागातील, विशेषतः धाराशिव (२०२३ पूर्वीचे नाव उस्मानाबाद) जिल्ह्यातील परिस्थिती डोळ्यांसमोर ठेवून मोटेच्या घडणीचे विवेचन केले आहे.

बालाघाटच्या डोंगररांगांवर व त्यांच्या उतारांवर वसलेल्या या जिल्ह्यात वार्षिक पर्जन्य सु. ७०० ते ८०० मिमी. असून तोही बेभरवशाचा आहे. खाली बेसाल्ट खडक असल्यामुळे भूजल खडकाच्या भेगांत व मुरमाच्या थरात सापडते. मांजरा, तेरणा, सीना, बोरी या नद्यांच्या काठची थोडी जमीन सोडली, तर ज्वारीच्या कोरडवाहू शेतीला जोड म्हणून मळा करावयाचा तो विहिरीवरच. सावता माळी (१२५०–९५) यांचे अरण हे गाव परंडा तालुक्याला लागून असलेल्या माढा तालुक्यात (जि. सोलापूर) आहे. त्यांच्या अभंगांत मोट व नाडा यांचा उल्लेख येतो. त्यावरून या साधनाचे प्रदेशातील प्राचीनत्व ध्यानात येईल.

चामड्याच्या इतर वस्तूंपेक्षा मोटेची कसोटी वेगळी व अधिक कठीण असते. वहाण बहुधा कोरडी राहते, पखाल बहुधा ओली राहते. मोट मात्र दिवसभर पाण्यात बुडते, वर येऊन उन्हात निथळते आणि रात्री सुकते. प्रत्येक खेपेस तिच्यात सु. १५० ते २०० लि. पाणी, म्हणजे तितक्याच किलोग्रॅमचा भार असतो. चामडे कच्चे राहिले तर ते कुजते. अति कडक झाले तर घडीवर चिरते. म्हणून मोटेचे आयुष्य शिवणाऱ्याच्या हातावर जितके, तितकेच किंबहुना त्याहून अधिक कमावणाऱ्याच्या हातावर अवलंबून असे.

कातडे बैलाचे किंवा म्हशीचे घेत. मेलेल्या जनावराचे कातडे लवकर सोलून न काढल्यास त्याला आतून कुज लागते व असे कातडे पुढे कितीही कमावले तरी मोटेच्या कामाचे राहत नाही. कातडे धुऊन चुन्याच्या निवळीत काही दिवस भिजत ठेवीत. चुन्यामुळे केसांची मुळे सुटतात आणि कातडे फुगते. मग केस व आतील बाजूचा मांसाचा थर खरवडून काढता येतो. यानंतरची पायरी दिसायला सामान्य पण निर्णायक होय. आत मुरलेला चुना वारंवार पाणी बदलून, क्वचित कोंड्याच्या आंबवलेल्या पाण्याने, पूर्णपणे काढून टाकावा लागतो. तो राहून गेल्यास चामडे ठिसूळ होते. घाईने केलेली मोट पहिल्याच हंगामात घडीवर फाटे, त्याचे कारण बहुधा हेच असे.

कमावण्यासाठी बाभळीची साल, तरवडाची साल आणि हिरडा ही द्रव्ये वापरीत. पैकी बाभूळ व तरवड धाराशिवच्या माळरानावर व ओढ्याकाठी मुबलक मिळतात; हिरडा मात्र बाजारातून आणावा लागे. या द्रव्यांतील टॅनीन हे रसायन कातड्यातील कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंशी संयोग पावते; त्यामुळे सूक्ष्मजंतूंना ते तंतू विघटित करता येत नाहीत. कातड्याचे चामडे होते ते या क्रियेने. ग्रामीण पद्धतीत कातडे प्रथम सालीच्या काढ्यात बुडवून ठेवीत आणि नंतर पखालीसारखे शिवून बळकट दांडीला टांगीत. या पिशवीत सालीचा चुरा व काढा भरला, की तो कातड्यातून हळूहळू पाझरून खालच्या भांड्यात पडे. तोच पुन्हा वर ओतीत. एक बाजू पुरेशी मुरल्यावर पिशवी उलटी टांगून मानेकडील भागही तसाच मुरवीत. सारे काम आठवड्यांचे असे. कडेला रापीने छेद देऊन आतपर्यंत सारखा रंग चढला आहे की मध्ये कच्चा पांढुरका पट्टा उरला आहे, हे पाहून कारागीर काम पुरे झाले की नाही ते ठरवी. [⟶ कातडी कमावणे].

मोटेचे अंग बेतताना पाठीकडील भाग घेत. तो जाड व घट्ट विणीचा असतो; पोटाकडील भाग सैल असल्याने भाराखाली ताणतो. तोंडाचा व्यास सु. ७० सेंमी. धरला, तर परिघ सु. २.२ मी. होतो, म्हणजे एका मोठ्या कातड्याची लांबी जवळजवळ पूर्ण खर्ची पडते. खाली अंग निमुळते होत जाऊन त्याला मऊ व पातळ चामड्याची नळी जोडतात. हीच सोंड. ती सारखी दुमडत व उलगडत असल्याने तेथे जाड चामडे चालत नाही.

जोडावयाच्या कडा रापीने तिरप्या तासून एकीवर एक ठेवतात, आरीने छिद्रे पाडून त्यांतून वादी ओवतात. वादी म्हणजे चामड्याचीच चिंचोळी पट्टी. सुताऐवजी वादी वापरण्यामागे काटकसर होतीच, पण त्याहून महत्त्वाचे कारण वेगळे आहे. चामडे व वादी दोन्ही पाण्यात सारख्या प्रमाणात फुगतात आणि छिद्र आपोआप बुजते. सूत मात्र लवकर कुजून छिद्र मोकळे सोडते. शिवण ओल्या चामड्यावरच घालीत, म्हणजे ते सुकताना टाके आणखी आवळले जात. तोंडाची कड लोखंडी कड्यावर वळवून वादीने बांधीत आणि कड्याला नाडा अडकविण्यासाठी आडव्या दांड्या बसवीत. शेवटी मोट पाण्याने भरून टांगीत व पाझर दिसेल तेथे पुन्हा टाका घालीत.

तयार मोटेला तेल पाजावे लागे. करंजाचे तेल यासाठी चांगले मानीत. करडई हे तर या भागातले हक्काचे रब्बी पीक. करडईपासून कोरड्या उष्णतेने काढलेले काळे, चिकट तेल खाण्याच्या उपयोगाचे नसते. परंतु पाण्यात राहणारे चामडे व विहिरीचे दोर यांच्या रक्षणासाठी ते उत्तम असते. पावसाळ्यात मोट विहिरीवरून उतरवून, तेल लावून सावलीत टांगीत. उन्हात वाळविलेली मोट तडकते. घरात ठेवलेल्या मोटेला उंदरांपासून जपावे लागे, हा शेतकऱ्याचा नेहमीचा ताप.

सोंडेची योजना हा या साधनातील खरा बुद्धीचा भाग होय. जाड दोर म्हणजे नाडा; तो विहिरीच्या काठापासून उंचावर बसविलेल्या चाकावरून जाऊन मोटेच्या कड्याला बांधलेला असतो. बारीक दोर म्हणजे सोंदूर. तो काठालगतच्या लाकडी रुळावरून जाऊन सोंडेच्या टोकाला बांधतात. दोन्ही दोर एकाच जुवाला जोडलेले असल्याने ते एकदम ओढले जातात. मोट वर चढत असताना सोंड वर दुमडलेली राहते व तिचे तोंड पाण्याच्या पातळीच्या वर असल्याने पाणी सांडत नाही. मोट काठाशी आली, की नाडा तिला चाकाकडे आणखी वर नेतो. सोंड मात्र रुळावरून थारोळ्याकडे आडवी ओढली जाते. तिचे तोंड आता मोटेतील पाण्यापेक्षा खाली येते आणि पाणी आपोआप थारोळ्यात पडून पाटाला लागते. मोट ओतण्यासाठी काठावर दुसरा माणूस लागत नाही. बैल उतरत्या धावेवरून पुढे जातात, तेव्हा त्यांच्या वजनाचाही ओढीला हातभार लागतो. मोट रिकामी झाल्यावर ते मागे सरत वर येतात. बैलांना मागे सारणे हे पुढे हाकण्यापेक्षा अवघड काम असून मोटेवरच्या गाण्यांचा उपयोग त्यांना लयीत ठेवण्यासाठी होई.

एक मोट उभी राहण्यास गावातील अनेकांचे हात लागत. कातडे कमावण्याचे काम ढोर समाजाकडे व शिवण्याचे काम त्यांच्याकडे किंवा चांभारांकडे असे. नाडा व सोंदूर मांग वळीत, चाक व कणा सुतार घडवी, कडे लोहार करी. मेलेली जनावरे ओढण्याचे काम महारांवर लादलेले होते. बलुते पद्धतीत दुरुस्तीची मजुरी सुगीला धान्यरूपाने मिळे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या गाव-गाडा (१९१५) या ग्रंथात या व्यवस्थेचे तपशीलवार वर्णन आहे. उमरगा तालुक्याच्या पूर्वेस, बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण येथे बाराव्या शतकात बसवेश्वरांच्या शरणांमध्ये ढोर कक्कय्या व चर्मकार हरळय्या यांना मानाचे स्थान होते. ढोर समाज कक्कय्यांना आपले आद्यपुरुष मानतो.

गावगाड्यात मात्र हा मान उरला नाही. मोटेने काढलेले पाणी चामड्याला लागून आलेले असे. तरीही ते सर्व जातींना पिण्यास व देवपूजेस चाले. ती मोट शिवणाऱ्याने त्याच विहिरीत पोहरा टाकला, तर मात्र विहीर बाटली असे समजत. त्याला थारोळ्यापासून दूर थांबून कोणी वरून ओतील ते पाणी घ्यावे लागे. पावित्र्याचा नियम वस्तूला लागू नव्हता, माणसाला लागू होता, हे मोटेइतके उघड करून दाखविणारे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल. महाड येथील चवदार तळ्याच्या सत्याग्रहाने (२० मार्च १९२७) पाण्यावरील हक्काचा प्रश्न जाहीरपणे मांडला. मृत जनावरे ओढण्याचे काम सोडण्याचा निर्धार पुढे गावोगाव होत गेला. त्यामुळे गावातील कातड्याचा जुना पुरवठा तुटला. तो तसा तुटणे न्याय्यच होते. भारतीय संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने १९५० मध्ये अस्पृश्यता नष्ट केली. परंतु विहिरींवरील व्यवहार बदलण्यास त्यानंतरही बराच काळ लागला.

चामड्याच्या मोटेला पहिली स्पर्धा लोखंडी पत्र्याच्या मोटेची झाली. पत्र्याचे अंग व चामड्याची सोंड अशी मिश्र मोटही वापरात होती. पत्रा कुजत नाही व गावच्या लोहाराकडे दुरुस्त होतो. मात्र तो विहिरीच्या बांधकामावर आदळतो, तेथे चामडे वाकून जाते. मोटेचा शेवट केला तो पंपाने. एका खेपेस दीड मिनिट धरले, तर तासाला ४० खेपा व सु. ६,००० लि. पाणी होते, त्यासाठी बैलजोडी व माणूस दोघेही अडकून पडतात. तीन अश्वशक्तीचा विद्युत् पंप १० मी. खोलीवरून तेवढ्याच वेळात सु. ४०,००० लि. पाणी काढू शकतो. निजामी राजवटीतून १९४८ मध्ये मुक्त झालेल्या मराठवाड्यात वीज उशिरा पोहोचली. महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळाच्या स्थापनेनंतर (१९६०) कृषिपंपांची संख्या वाढली, आणि १९७२ च्या दुष्काळानंतर विहिरी इतक्या खोल गेल्या, की मोटेला ते अंतर झेपेनासे झाले.

मोटेबरोबर कमावणाऱ्यांचे गावातील गिऱ्हाईक संपले. क्रोम क्षाराने काही दिवसांत कातडे कमावणाऱ्या शहरी कारखान्यांकडे कच्चा माल जाऊ लागला; उस्मानाबादी शेळीचे कातडेही याच वाटेने बाहेर जाते. चर्मकारांच्या साहाय्यासाठी राज्य शासनाने १९७४ मध्ये स्थापन केलेल्या महामंडळाचा भर पादत्राणे व इतर विक्रेय वस्तूंवर राहिला. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. त्याच्या क्षेत्रात महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर हे जिल्हे येतात, धाराशिव येत नाही. बाभळीच्या सालीने कमावलेले जाड चामडे आज मुख्यतः त्या चपलांसाठीच लागते. जुन्या विहिरींवर धावेचा उतार, दगडी थारोळे आणि नाड्याने घासून पडलेल्या खाचा अजून पाहावयास मिळतात. चामड्याचे अंग मात्र हवेत फार काळ टिकत नाही, त्यामुळे संग्रहासाठी मोट जतन करावयाची झाल्यास ती सावलीत ठेवून तिला वेळोवेळी तेल द्यावे लागते.