पिक्चर कसा होता?

वीर (ता. महाड) : कोकण रेल्वेचा रोहा ते वीर हा टप्पा जून १९९३ मध्ये सुरू झाला आणि पुढचा मार्ग तयार होईपर्यंत वीर हेच या टप्प्याचे दक्षिणेकडील टोक होते. महाड शहराला स्वतःचे रेल्वे स्थानक नाही. त्यामुळे महाड आणि पोलादपूर तालुक्यांतील गावांकडे रेल्वेने निघालेला चाकरमानी गणपतीला, शिमग्याला आजही वीरलाच उतरतो. त्याच्या पिशव्यांत काय काय असते, याची वर्णने पुष्कळ झाली आहेत. कोणत्याही पिशवीत न मावणारी एक गोष्टही तो वर्षानुवर्षे गावाकडे आणत आला आहे. ती म्हणजे मुंबईत नुकत्याच पाहिलेल्या चित्रपटाविषयीचे त्याचे मत.

ते मत मागावे लागते असेही नाही. हातपाय धुऊन चहाचा कप हाती येतो न येतो तोच कोणीतरी विचारतो, ‘तो नवा पिक्चर बघितलास का? कसा होता?’ या प्रश्नाचे उत्तर चार शब्दांत संपते किंवा तासभर चालते. दोन्ही उत्तरांना समीक्षा म्हणता येणार नाही. मात्र चित्रपट व्यवसायाचे कोट्यवधी रुपये अशाच उत्तरांवर तरतात आणि बुडतात, हे त्या व्यवसायातील कोणीही नाकारीत नाही.

रायगडच्या या अंतर्भागाचे मुंबईशी असलेले नाते मुख्यतः गिरण्यांतून घडले. परळ, लालबाग, डिलाईल रोड या भागांत कोकणातून आलेल्या कामगारांनी संसार थाटले, गाववार मंडळे काढली आणि सुटीच्या दिवशी चित्रपट पाहिले. लालबागचे ‘भारतमाता’ हे चित्रपटगृह इंडिया युनायटेड मिलच्या जागेवर उभे आहे. मराठी चित्रपट आणि गिरणी कामगार यांचे नाते सांगायला याहून वेगळा दाखला नको. दादा कोंडके स्वतः याच गिरणगावात वाढले. त्यांचा ‘सोंगाड्या’ १९७१ मध्ये आला तेव्हा दादरच्या ‘कोहिनूर’मध्ये तो लावण्यावरून वाद झाला आणि शिवसेनेने मध्ये पडून चित्रपटाला पडदा मिळवून दिला, हा इतिहास परिचित आहे. पडदा मिळवून देणे संघटनेच्या हाती होते. पण तो पडदा आठवड्यामागून आठवडे टिकवण्याचे काम प्रेक्षकांच्या तोंडांनी केले. खात्यात, चाळीच्या गॅलरीत आणि रात्रीच्या एसटीत त्या विनोदांची उजळणी होत राहिली. १९९१ मध्ये विजय कोंडके यांचा ‘माहेरची साडी’ असाच एका घरातून दुसऱ्या घरात पोचला. या वेळी सांगणाऱ्या आणि ऐकणाऱ्या बहुतांशी स्त्रिया होत्या.

या गप्पांना स्वतःची एक परिभाषा आहे आणि ती वाटते त्याहून काटेकोर आहे. ‘बरा आहे’ याचा अर्थ बरा नाही, असाच बहुधा घ्यावा लागतो. ‘एकदा बघायला हरकत नाही’ म्हणजे सांगणाऱ्याला पैसे गेल्याचे दुःख नाही. मात्र ऐकणाऱ्याने आपल्या जबाबदारीवर जावे. ‘टाइमपास’ हा शब्द निंदेचा नाही. त्यात अपेक्षा ठेवू नका, हा इशारा आणि तीन तास बरे जातील, ही हमी दोन्ही असतात. ‘इंटरव्हलपर्यंत चांगला आहे’ हे वाक्य तर पटकथेवरील नेमके भाष्य होय. मांडणी जमली, पण सोडवणूक जमली नाही, हे समीक्षक ज्या गोष्टीसाठी एक परिच्छेद खर्च करतो ते येथे तीन-चार शब्दांत उरकते. ‘गाणी चांगली आहेत’ असे कोणी आपणहून म्हटले, की उरलेल्याविषयी तो गप्प आहे असे समजावे. आणि ‘पैसे वसूल’ हे सर्वोच्च प्रशस्तिपत्र. त्यात कलेचा उल्लेख नाही, व्यवहाराचा आहे. ज्याने तिकिटाचे पैसे स्वतःच्या खिशातून भरले आहेत त्यालाच ते देण्याचा अधिकार असतो.

या परिभाषेत एक गफलत मात्र नेहमी होते. ‘मला आवडला’ आणि ‘चांगला आहे’ ही दोन विधाने एकच समजली जातात. पहिले विधान प्रेक्षकाविषयी असते, दुसरे चित्रपटाविषयी. पहिल्याचा प्रतिवाद करता येत नाही. दुसऱ्यासाठी कारणे द्यावी लागतात. ही कारणे देता यावीत, चित्रपट पाहण्याची नजर तयार व्हावी, यासाठी महाराष्ट्रात फिल्म सोसायट्यांनी मोठे काम केले. मुंबईत १९६८ मध्ये ‘प्रभात चित्र मंडळ’ स्थापन झाले. पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय होते आणि तेथे प्रा. सतीश बहादूर यांच्या चित्रपट रसास्वाद वर्गांतून अनेकजण घडले. तथापि वीरला उतरणाऱ्या माणसाकडून कोणी रसग्रहणाची अपेक्षा करीत नाही. ऐकणाऱ्याला हवे असते ते वेगळेच : आपल्या माणसाला तो आवडला का? सांगणाऱ्याची आवडनिवड, त्याचे खोटे हसू, त्याचा कंटाळा हे सारे ऐकणाऱ्याला ठाऊक असते. ‘त्याला मारामारी आवडते, म्हणजे आपल्याला काही जमणार नाही,’ हा हिशेब मनातल्या मनात चटकन होतो. अनोळखी समीक्षकाच्या बाबतीत तो करता येत नाही.

याखेरीज एक प्रश्न असा आहे की ज्याचे उत्तर सरकारी प्रमाणपत्रही पुरते देत नाही : ‘घरच्यांबरोबर बघण्यासारखा आहे का?’ २०२३ च्या कायदा दुरुस्तीनंतर ‘यूए’ प्रमाणपत्राचे ७, १३ आणि १६ वर्षे असे तीन वयोगट झाले. आईवडिलांची सोय थोडी वाढली. परंतु सासऱ्यांच्या शेजारी बसून चित्रपट पाहताना सुनेला अवघडल्यासारखे होईल की नाही, याचा कोणताही वयोगट मंडळाकडे नाही. ते चुलत बहिणीलाच विचारावे लागते.

अशा मतांचा अभ्यासही झालेला आहे. अमेरिकेतील डेकॅटर या शहरात १९४५ मध्ये सुमारे ८०० स्त्रियांच्या मुलाखती घेण्यात आल्या. बाजारहाट, कपड्यांची फॅशन, सार्वजनिक प्रश्न आणि चित्रपट या चार बाबतींत त्या कोणाच्या सल्ल्याने वागतात, हे पाहायचे होते. एलिहू कॅट्झ आणि पॉल लाझार्सफेल्ड यांनी १९५५ मध्ये त्याचे निष्कर्ष पुस्तकरूपाने मांडले. वर्तमानपत्र किंवा रेडिओ माणसाचे मन थेट वळवतो असे नाही. ओळखीतली एखादी व्यक्ती ते वाचते-ऐकते आणि मग तिचे बोलणे इतरांवर परिणाम करते, हा त्यांचा मुख्य मुद्दा. बाजारहाटाच्या बाबतीत मोठ्या कुटुंबातील अनुभवी गृहिणींचा सल्ला घेतला जाई. चित्रपटाच्या बाबतीत मात्र तरुण, अविवाहित मुलींचा शब्द चाले. घरात इतर सर्व बाबतींत जिचे कोणी ऐकत नाही, त्या कॉलेजकन्येला ‘या रविवारी कोणता लावू?’ असे विचारले जाते, हा अनुभव डेकॅटरपुरता नसावा.

या गप्पांमध्ये पैशांचा प्रश्न गुंतलेला आहे आणि तो दोन्ही बाजूंनी आहे. प्रेक्षकाच्या बाजूने पाहिले तर चार जणांचे कुटुंब, तिकिटे, येण्याजाण्याचा खर्च आणि मध्यंतरातील खाणे हा लहान आकडा नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावरील जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. त्यावरच्या तिकिटांना १८ टक्केच राहिला. मल्टिप्लेक्समध्ये शंभराच्या आतले तिकीट शोधून काढावे लागते, तेव्हा या सवलतीचा लाभ कोणाला, हे सांगायला नको. निर्मात्याच्या बाजूने मात्र प्रश्न दिवसांचा आहे.

एकपडदा चित्रपटगृहांच्या काळात चित्रपटाला दम धरता येत असे. ‘शोले’ १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झाला तेव्हा व्यवसायातील जाणकारांनी तो पडल्याचे जाहीर करून टाकले होते. शेवट बदलून जयला जिवंत ठेवावे, इथपर्यंत विचार पोचला होता. मग पाहून आलेल्यांनी न पाहिलेल्यांना संवाद ऐकवायला सुरुवात केली. मुंबईच्या ‘मिनर्व्हा’मध्ये तो पुढे पाच वर्षे चालला. त्या चित्रपटाला मिळालेले पहिले काही आठवडे आज कोणालाही मिळत नाहीत. शुक्रवारी प्रदर्शित झालेल्या चित्रपटाचे खेळ सोमवारी कमी होऊ शकतात, आणि सोमवारचा निर्णय शनिवार-रविवारच्या गर्दीवर ठरतो. म्हणजे सांगणाऱ्याने ऐकणाऱ्याला गाठण्याची मुदत उणीपुरी दोन दिवसांची.

मराठी चित्रपटाला ही मुदत अधिकच जाचक ठरते. राज्य सरकारने एप्रिल २०१५ मध्ये मल्टिप्लेक्सना मराठी चित्रपट ‘प्राइम टाइम’मध्ये दाखवणे बंधनकारक केले आणि लगेचच ती वेळ दुपारी १२ ते रात्री ९ अशी सैल केली. जुलै २०२५ मध्ये ‘येरे येरे पैसा ३’ आणि ‘सैयारा’ एकाच शुक्रवारी आले. हिंदी चित्रपटाची चर्चा वाऱ्यासारखी पसरली, मराठीचे खेळ घटले आणि त्यावरून राजकीय इशारे देण्यात आले. त्यानंतर दोनच महिन्यांनी, १२ सप्टेंबर २०२५ रोजी, ‘दशावतार’ आला. दिलीप प्रभावळकर यांची भूमिका आणि कोकणातील दशावतारी कलावंताचे विश्व. गणपती आटोपून चाकरमानी नुकताच मुंबईत परतला होता. ‘आपल्याकडचा आहे, बघून ये’ या एका वाक्यात त्याची शिफारस होत होती. खेळांच्या वेळेचा नियम असावाच. पण रिकाम्या खुर्च्यांसमोर लावलेला नियमाचा खेळ एखाद्या चित्रपटाला तारू शकत नाही.

मोबाइल आल्यापासून ‘कसा होता?’चे उत्तर आकड्यांत मिळू लागले. हे आकडे वाचताना थोडी सावधगिरी हवी. ‘रॉटन टोमॅटोज’ या १९९८ मध्ये सुरू झालेल्या अमेरिकी संकेतस्थळावर ९० टक्के दिसले की चित्रपटाला शंभरपैकी ९० गुण पडले, असा समज होतो. प्रत्यक्षात त्याचा अर्थ दहांपैकी नऊ समीक्षकांनी अनुकूल लिहिले, एवढाच. त्या नवांपैकी सर्वांनी ‘एकदा बघायला हरकत नाही’ म्हटले असले तरीही आकडा ९० च येतो. दुसरी गोष्ट, पहिल्या दिवशी पहिला खेळ गाठणारे लोक बव्हंशी त्या नटाचे चाहते असतात. त्यांनी दिलेले तारे हे आधीच ठरलेले असतात. आणि पैसे देऊन लिहवून घेतलेली स्तुती अथवा निंदा ओळखण्याचे साधन सामान्य प्रेक्षकाजवळ नाही. चुलतभावाजवळ निदान तसा हेतू नसतो.

या भीतीपोटी निर्मात्यांनी न्यायालयाची पायरीही चढली आहे. केरळ उच्च न्यायालयात २०२३ मध्ये हा विषय गेला. ऑक्टोबरमध्ये कोचीत एका चित्रपटाच्या प्रतिकूल परीक्षणांबद्दल पोलिसांनी गुन्हा नोंदवला. मार्च २०२४ मध्ये न्यायमित्राने पहिल्या ४८ तासांत परीक्षणे टाळावीत, अशी सूचना केली. तामिळ निर्मात्यांनी तीन दिवसांच्या बंदीची मागणी केली तेव्हा मद्रास उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तसा अंतरिम आदेश देण्यास नकार दिला. पैसे उकळण्यासाठी केलेली बदनामी हा गुन्हा आहेच. परंतु तिकीट काढून चित्रपट पाहिलेल्या माणसाने ‘नाही आवडला’ म्हणणे आणि ती खंडणी यांत भेद न करणारा कोणताही नियम सर्वांत आधी प्रामाणिक प्रेक्षकाचेच तोंड बंद करील.

महाड आणि पोलादपूर या तालुक्यांत मात्र काही चित्रपटांविषयी असे सहज बोलणे अवघडच असते. रायगड महाड तालुक्यात आहे. नरवीर तानाजी मालुसरे यांचे उमरठ पोलादपूर तालुक्यात आहे. चवदार तळे महाड शहरात आहे. ‘हिरकणी’ (२०१९), ‘तान्हाजी’ (२०२०), ‘सुभेदार’ (२०२३), ‘छावा’ (२०२५) किंवा जब्बार पटेल यांचा ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ हे चित्रपट येथील माणूस पाहतो तेव्हा पडद्यावर त्याच्या रोजच्या वाटेवरचे डोंगर आणि पाणी असते. ‘टाइमपास’ हा शब्द तेथे तोंडातून निघत नाही. ‘छावा’तील लेझीमचे दृश्य आक्षेपानंतर प्रदर्शनापूर्वीच वगळावे लागले. नायकाविषयीच्या आदराचे मत आणि चित्रपटाविषयीचे मत एकमेकांत मिसळले, की ‘चित्रपट फसला’ म्हणणारा इतिहासाचा शत्रू ठरतो आणि ‘छान होता’ म्हणणारा पडद्यावरचे सारेच खरे मानू लागतो.

‘तान्हाजी’त खलनायक उदयभानाची भूमिका करणाऱ्या सैफ अली खान यांनीच जानेवारी २०२० मध्ये एका मुलाखतीत, आपल्याला हा इतिहास वाटत नाही, असे सांगितले होते. त्या चित्रपटात सिंहगडावर ‘नागिन’ नावाची प्रचंड तोफ आहे. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्रीची लढाई जिंकली गेली, त्यात तानाजी पडले, हा इतिहास. तोफ ही पटकथेची. ‘पिक्चर कसा होता?’ असे शाळकरी पोराने विचारले तर ‘जोरात होता’ म्हणताना ती तोफ खरी नव्हती, एवढे सोबत सांगायला एका वाक्याहून अधिक वेळ लागत नाही.